तुम्ही विचारलंत म्हणून: साथीत गाऊन काय साधलं?

‘औषध नव्हतं, माणसं पटापट जात होती, मग गाणी म्हणून काय साधलं?’ अमेरिकेतल्या एड्सच्या साथीच्या काळातल्या समलिंगी कोरसांबद्दल, म्हणजे समूहानं गाणाऱ्या गटांबद्दल, बोलताना हा प्रश्न हमखास येतो. ज्या धर्मानं हाकललं त्याचीच स्तोत्रं कशाला, हा त्याचाच धाकटा भाऊ.

पहिलं उत्तर रुक्ष आहे: हजेरी. तालमीचा वार ठरलेला असतो. घरच्यांनी नाव टाकलेला माणूस आला नाही, तर निदान शेजारच्या खुर्चीला ते कळतं.

सॅन फ्रान्सिस्को गे मेन्स कोरस पहिल्यांदा जाहीरपणे गायला तो 27 नोव्हेंबर 1978 ला, उघडपणे समलिंगी असलेले नगरप्रतिनिधी हार्वी मिल्क आणि महापौर मॉस्कोनी यांच्या खुनाच्या रात्री, सिटी हॉलच्या पायऱ्यांवर. पुढे साथीत या कोरसचे 300 हून अधिक गायक गेले. पुरुषांच्या कोरसात वरच्या आवाजापासून खालच्यापर्यंत विभाग चार: पहिला टेनर, दुसरा टेनर, बॅरिटोन, बेस. गेलेल्यांना तिथे ‘पाचवा विभाग’ म्हणतात.

माणसं कमी झाली की काय बिघडतं? लांब सूर अखंड ठेवायचा तर शेजाऱ्यांनी एकाच वेळी श्वास घ्यायचा नसतो. शब्द संपला तिथे घेतला, तर सगळेच तिथे घेतात आणि खिंडार पडतं. म्हणून स्वर ओढलेला असतानाच आवाज हळूच उतरवायचा, श्वास चोरायचा, आणि तितक्याच हळू परत मिसळायचं. विभागात दोघंच उरले की ही युक्ती चालत नाही. त्यात एकाला न्यूमोनिया, म्हणजे छातीच अपुरी. अंत्यविधीला आणखी एक अडचण: हुंदक्यानं गळा आवळतो आणि आधी वरचे सूर फाटतात. तिथे मधल्या पट्टीतलं, सगळ्यांना एका सुरात म्हणता येईल असं स्तोत्रच निभतं.

आता त्या धाकट्या भावाचं. कार्ल बीन गॉस्पेलमधून, म्हणजे कृष्णवर्णीय चर्चच्या भक्तिसंगीतातून, आलेले गायक. 1977 मध्ये मोटाउन या रेकॉर्ड कंपनीनं त्यांचं ‘आय वॉज बॉर्न धिस वे’ काढलं. 1982 मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये युनिटी फेलोशिप हे चर्च सुरू केलं, आणि 1985 मध्ये कृष्णवर्णीय व लॅटिनो रुग्णांसाठी मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट. स्तोत्रं त्यांनी सोडली नाहीत, चर्चच नवं काढलं. अर्थात सगळ्यांना हा मार्ग पटला नाही, आणि ते बरंच झालं: 10 डिसेंबर 1989 ला अ‍ॅक्ट अप या एड्सविषयीच्या आंदोलक गटानं न्यूयॉर्कच्या सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रलमध्ये चालू प्रार्थनेत निदर्शनं केली. दोन्हींची गरज होती.

पैशाचं म्हणाल, तर डिस्को गायक सिल्व्हेस्टर 1988 मध्ये एड्सनं गेले. मृत्युपत्रात त्यांनी गाण्यांची रॉयल्टी दोन संस्थांना दिली. त्यातली प्रोजेक्ट ओपन हँड रुग्णांना घरपोच जेवण देते. देणी फेडण्यातच बरीच वर्षं गेली, त्यानंतर पैसा संस्थांकडे आला.