आयडीपी आहे, पण कुठल्या सालचा?

सेल्फ ड्राइव्ह सहलींसाठी परदेशातल्या भाड्याच्या गाड्या बुक करून देणं हे माझं काम. पहाटे फोन वाजला की एकतर टायर पंक्चर झालेला असतो, नाहीतर डिपॉझिटला क्रेडिट कार्ड चालत नसतं. त्या दिवशी यातलं काहीच नव्हतं. "मॅडम, हे लोक गाडी द्यायला तयार नाहीत. आयडीपी चालणार नाही म्हणतायत."

फोन जपानमधून होता, होक्काइदोच्या न्यू चितोसे विमानतळावरून. नवरा-बायको जर्मनीत राहणारे, लायसन्स जर्मन. महिनाभरापूर्वी मी विचारलं होतं, "इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट, म्हणजे आयडीपी, आहे ना?" ते म्हणाले होते, "हो, आहे." मी रकान्यात टिक केली आणि पुढच्या बुकिंगला लागले.

माझा पहिला संशय त्यांच्यावरच गेला, हे कबूल करते. वेबसाइटवर पैसे भरले की 'आंतरराष्ट्रीय लायसन्स' म्हणून चकचकीत प्लास्टिकचं कार्ड घरपोच येतं. ते निव्वळ रद्दी. मुळात आयडीपी म्हणजे स्वतंत्र लायसन्स नव्हेच. आपल्या लायसन्सचं ते ठरावीक नमुन्यातलं भाषांतर असतं आणि मूळ लायसन्स सोबत नसेल तर त्याला काही अर्थ नाही. तेव्हा म्हटलं, फोटो पाठवा.

फोटो आला. कार्ड नव्हतं. करड्या कव्हरची कागदी पुस्तिका, सरकारी कार्यालयाचा शिक्का, सही, सगळं जागच्या जागी. अस्सल! दुसऱ्या फोटोत काउंटरवरच्या मुलीने एक लॅमिनेट केलेला नमुना पुस्तिकेशेजारी ठेवला होता आणि तिचं बोट कव्हरवरच्या तारखेवर होतं. पुस्तिकेवर 8 नोव्हेंबर 1968. नमुन्यावर 19 सप्टेंबर 1949.

तेव्हा माझी ट्यूब पेटली. आयडीपी ज्या करारांखाली निघतो ते एकाहून जास्त आहेत. 1949 चा जिनिव्हाचा, 1968 चा व्हिएन्नाचा. जपान 1964 साली जिनिव्हा करारात आला, व्हिएन्नाच्या करारात आजही नाही. जर्मनी नेमकी उलटी: व्हिएन्नात आहे, जिनिव्हात नाही. व्हिएन्नावाली पुस्तिका तीन वर्षांपर्यंत चालते, जिनिव्हावाली एकच वर्ष. त्यामुळे 'तीन वर्षांची आहे' ऐकून गिऱ्हाईक उलट जास्त निर्धास्त होतं.

आणि खरी चपराक पुढेच होती. जर्मन लायसन्सवाल्याला जपानमध्ये आयडीपी लागतच नाही! लागतं ते मूळ लायसन्स आणि त्याचं मान्यताप्राप्त जपानी भाषांतर. जपान ऑटोमोबाइल फेडरेशन ते करून देते; फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंड, तैवानच्या लायसन्सनाही हीच सोय आहे. म्हणजे नको त्या कागदाच्या 'हो'वर मी टिक केली आणि हवा तो सांगितलाच नाही.

"अहो, बावीस वर्षं गाडी चालवतोय मी! थोडे जास्त पैसे घ्या म्हणावं."

त्यांना स्पष्ट सांगितलं: तिने किल्ली दिली असती तरी कायद्याने ते विनापरवाना चालवणं ठरलं असतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड. शिवाय काही ठोकलं असतं तर विमा कंपनीने हात वर केले असते. सगळीकडे काउंटर इतकं काटेकोर नसतं. इटलीत युरोपियन युनियनबाहेरच्या लायसन्सबरोबर आयडीपी किंवा अधिकृत भाषांतर लागतं, तरी कित्येकदा न विचारता किल्ली मिळते. विचारतो तो पुढे रस्त्यावरचा पोलीस. मला त्यापेक्षा ही अडून बसणारी मुलगी परवडली.

मागून बायकोचा आवाज आला, "तो फोन इकडे द्या." त्यांनी एकच विचारलं, "ट्रेन आहे का?"

होती. विमानतळावरून सप्पोरो, तिथून एक्स्प्रेसने असाहिकावा, मग फुरानो लाइनने बिएई, म्हणजे त्यांच्या हॉटेलचं गाव. हॉटेल स्टेशनपासून लांब, शेतांच्या मधोमध; मालकांना फोन करून स्टेशनवर न्यायला यायची विनंती केली, ते तयार झाले. भाषांतर लगेच हातात पडणार नव्हतं, म्हणून गाडीचा नाद सोडला. गाडीचे पैसे बुडाले. ते आमच्या ऑफिसने भरावेत यासाठी साहेबांशी वाद घातला, अर्धे मिळाले. उरलेल्या अर्ध्यांबद्दल अजून वाईट वाटतं.

आमच्या फॉर्ममधून 'आयडीपी आहे का?' हा प्रश्न आता मी काढून टाकलाय. त्या जागी लायसन्स कुठल्या देशाचं, गाडी कुठल्या देशात घेणार, आणि पुस्तिका असल्यास कव्हरचा फोटो. "विश्वास नाही का?" असं लोक विचारतात. मी फोटोची वाट बघते.

सहल संपल्यावर त्या गृहस्थांचा अभिप्राय आला. 'गाडी' या रकान्यात लिहिलं होतं: मिळाली नाही. खाली स्वतःच्या हाताने एक रकाना वाढवला होता, 'ट्रेन'. त्यापुढे: वेळेवर.