दलदलीत नोंदलेले भूकंप : पॅलेट क्रीक ते कॅरिझो

लॉस एंजेलिसच्या ईशान्येला सुमारे ५५ किलोमीटरवर, सॅन गॅब्रिएल डोंगररांगेच्या उत्तर पायथ्याशी, पॅलेट क्रीक नावाचा एक लहानसा ओढा आहे. दक्षिणेला बर्फाची शिखरे, उत्तरेला मोहावीचे वाळवंट आणि मधल्या पट्ट्यात ज्युनिपरची झुडपे. पर्यटकांसाठी इथे काहीही नाही. तरीही सॅन अँड्रियास प्रस्तरभंगावर, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंची जमीन एकमेकींना घासत सरकते त्या लांबलचक भेगेवर, गेल्या दीड हजार वर्षांत मोठे भूकंप कधी झाले, याचा पहिला सलग हिशेब याच ओढ्याच्या काठावर लागला. मार्च महिन्यात माझ्या भाचीला सोबत घेऊन मी तो काठ पाहायला गेलो.

ओढ्याचे पात्र आज सुमारे दहा मीटर खोल आहे, मात्र ही खोली अलीकडची आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इथे दलदल होती. पुरासोबत वाळू आणि गाळ येई, मग संथ काळात त्यावर वनस्पती वाढून, कुजून पीटचा काळा थर तयार होई आणि पुढच्या पुरात तो पुन्हा गाळाखाली जाई. नंतर पाण्याने पात्र खोल कापले, दलदल आटली आणि शतकानुशतके साचलेले थर उघडे पडले. काठाच्या उभ्या कापात काळ्या आणि फिकट पट्ट्या आजही स्पष्ट दिसतात. ही दलदल नेमकी प्रस्तरभंगावर होती, हा भूशास्त्राच्या दृष्टीने फार मोठा योग म्हटला पाहिजे. प्रस्तरभंग शेकडो किलोमीटर लांब असला, तरी बहुतेक ठिकाणी माती इतकी सावकाश साचते, किंवा इतकी धुपून जाते, की दोन भूकंपांच्या खुणा एकमेकींत मिसळून जातात. भूकंप वेगळे ओळखायचे, तर त्यांच्या दरम्यान शांतपणे साचलेला थर हवा.

कॅलिफोर्नियाचा लेखी इतिहास स्पॅनिश मिशन, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसाराची ठाणी, स्थापन होऊ लागली तेव्हापासूनचा, म्हणजे १७६९ पासूनचा आहे. त्याआधीचे मोठे भूकंप शोधायचे, तर जमीन खणण्याला पर्याय नव्हता. १९७० च्या दशकात केरी सीह हे स्टॅनफर्ड विद्यापीठात पीएच.डी.चे संशोधन करत असताना त्यांनी इथे प्रस्तरभंगाला आडवे खंदक खणले, त्यांच्या भिंती तासून स्वच्छ केल्या आणि प्रत्येक थर, प्रत्येक तडा कागदावर उतरवला. त्यामागचे तर्कशास्त्र अतिशय सुंदर आहे. एखादा तडा खालच्या थरांना तोडत वर येतो आणि एका ठरावीक थरापाशी अचानक थांबतो. त्याच्या वरचा थर अखंड असतो. याचा अर्थ, खालचा थर साचल्यानंतर आणि वरचा साचण्यापूर्वी जमीन फाटली. काही ठिकाणी पाण्याने भरलेली वाळू हादऱ्यांमुळे द्रवासारखी होऊन वर उफाळलेली आणि तेव्हाच्या जमिनीवर पसरलेली सापडते. त्या वाळूखालची पातळी हीच भूकंपाच्या दिवसाची जमीन. मग वरच्या आणि खालच्या पीटमधल्या, काळानुसार ठरावीक गतीने घटत जाणाऱ्या कार्बन-१४ चे मोजमाप केले, की भूकंपाचा काळ दोन तारखांच्या चिमट्यात सापडतो.

सीह यांचा पहिला सविस्तर निबंध १९७८ मध्ये आला आणि त्यात दोन मोठ्या भूकंपांमधले सरासरी अंतर सुमारे १६० वर्षे निघाले. १९८९ मध्ये अधिक काटेकोर कालमापनानंतर चित्र बदलले. सातव्या शतकापासून १८५७ पर्यंतचे दहा भूकंप दिसले, सरासरी १३२ वर्षांची झाली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे भूकंप दोन-दोन, तीन-तीनच्या गटांनी झाल्याचे लक्षात आले. एका गटातल्या भूकंपांमध्ये शंभराहून कमी वर्षे, तर दोन गटांच्या मध्ये दोनशे ते तीनशे वर्षांची शांतता. म्हणून ‘१३२ वर्षे उलटून गेली, आता भूकंपाची वेळ टळून गेली आहे’ हे वाक्य मला अत्यंत बेजबाबदार वाटते. या काठावरचे थर सरासरीचे वेळापत्रक पाळत नाहीत, आणि सरासरी ऐकून कोणी घाबरून जाणे जितके चूक, तितकेच कोणी निश्चिंत होणेही चूक.

शेवटून दुसऱ्या भूकंपाची तारीख कशी ठरली, तेही सांगायला हवे. ८ डिसेंबर १८१२ च्या भूकंपात सॅन हुआन कॅपिस्ट्रानोच्या मिशनमधले चर्च कोसळून सुमारे चाळीस माणसे मेली, हे लिखित होते. पण तो भूकंप कोणत्या प्रस्तरभंगावरचा, हे ठाऊक नव्हते. पॅलेट क्रीकच्या आग्नेयेला राइटवुडजवळ, प्रस्तरभंगालगतच्या जुन्या पाइन वृक्षांच्या वाढकड्या, म्हणजे खोडात दरवर्षी पडणारी वर्तुळे, तपासल्या, तेव्हा १८१२ च्या हंगामानंतर त्यांची वाढ एकाएकी खुंटलेली आढळली. मुळे तुटली होती. कार्बनला जे वर्ष नेमके सांगता येत नव्हते, ते झाडांनी सांगितले.

“मामा, आपल्याकडे असं खणून पाहिलंय का?” भाचीने विचारले. पाहिले आहे. किल्लारी ज्या तालुक्यात आहे, त्या औसा तालुक्यातला माझा जन्म. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर तिथेही जमिनीवर उमटलेल्या भेगांवर खंदक खणून अभ्यास झाला. पण भूपट्टांच्या सीमेपासून दूर असलेल्या दख्खनमध्ये दोन भूकंपांच्या मधला काळ अतिशय दीर्घ असू शकतो आणि पॅलेट क्रीकसारखी भराभर साचणारी दलदल तिथे नाही. त्या खंदकांचे वाचन म्हणूनच कितीतरी अवघड.

पुढचा प्रवास प्रस्तरभंगाच्या रेषेनेच पश्चिमेकडे झाला. पामडेलजवळ हायवेसाठी कापलेल्या टेकडीत घड्या पडलेले थर दिसतात. ते गाडीतूनही पाहता येतात. फोर्ट तेहोनला मात्र थांबावे. ९ जानेवारी १८५७ चा, सुमारे ७.९ तीव्रतेचा भूकंप या लष्करी ठाण्याच्या नावाने ओळखला जातो, कारण इथल्या इमारतींचे नुकसान नोंदले गेले. प्रत्यक्षात जमीन फाटायला सुरुवात बरीच वायव्येला, पार्कफील्डच्या बाजूला झाली आणि सुमारे ३५० किलोमीटर लांबीचा प्रस्तरभंग सरकला.

याच रेषेवर पुढे वायव्येला असलेल्या कॅरिझोच्या मैदानात शिरण्याआधी गाडीत पेट्रोल आणि पिण्याचे पाणी भरून घ्यावे, आत यांपैकी काहीही मिळत नाही. पावसानंतर मातीचे रस्तेही चिखलाने बंद पडतात. वॉलेस क्रीक मैदानाच्या पूर्व कडेला, टेम्ब्लर डोंगरांच्या पायथ्याशी आहे. रॉबर्ट वॉलेस या भूशास्त्रज्ञाचे नाव मिळालेला हा कोरडा ओढा डोंगरातून सरळ उतरतो, प्रस्तरभंगापाशी एकदम उजवीकडे वळतो, सुमारे १३० मीटर त्याच्या कडेने जातो आणि मग डावीकडे वळून मैदानात उतरतो. ओढ्याने वळण घेतलेले नाही. पलीकडची जमीनच वायव्येला सरकली आहे. हे पात्र सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीचे, म्हणजे सरकण्याचा दीर्घकालीन वेग वर्षाला सुमारे ३४ मिलिमीटर. आणखी वायव्येला, सुमारे ३८० मीटरवर, ओढ्याने त्याआधी सोडून दिलेल्या पात्राचा सुका खळगा आहे.

इथून वेग कळतो, तारखा कळत नाहीत. पॅलेट क्रीकच्या नेमके उलट. एका भूकंपात जमीन किती सरकते, हा प्रश्न दोन्हींच्या मधला. जवळच्या लहान ओहोळांची वळणे मोजून १८५७ चा हिस्सा साडेनऊ मीटर मानला जात होता. २०१० मध्ये विमानातून लेझरने केलेल्या सूक्ष्म मोजणीत तो सरासरी पाच मीटरच्या आसपास निघाला, आणि त्याच वर्षी, काही किलोमीटर आग्नेयेच्या बिडार्ट फॅन इथल्या खंदकांवरून मोठ्या भूकंपांमधले सरासरी अंतर ८८ वर्षे असल्याचे प्रसिद्ध झाले. त्याआधी ते काही शतकांचे मानले जाई.

वॉलेस क्रीकचे हे वळण किती भूकंपांनी घडवले, असे भाचीने विचारले, तेव्हा मी दोन्ही हिशेब करून दाखवले. जुन्या मापाने चौदाएक, नव्या मापाने पंचवीसच्या पुढे. १८५७ नंतर ही जमीन मोठ्या भूकंपात सरकलेली नाही आणि वर्षाला ३४ मिलिमीटर धरले, तर तेव्हापासून साठलेला ताण साडेपाच मीटरहून अधिक सरकण्याइतका झाला आहे.