पायाखालचा धबधबा

ऐन जुलैत, ठोसेघर भरून कोसळत असताना, साताऱ्याची मावशी धबधबा बघायला न्यू यॉर्कला गेली, असं आमच्या नातेवाइकांत अजून चेष्टेने सांगतात. खरं तर ती माझ्याकडे आली होती. धबधबा मध्येच निघाला.

२००८ च्या त्या उन्हाळ्यात ओलाफुर एलियासन या कलाकाराने ईस्ट रिव्हरच्या पाण्यावर चार ठिकाणी धबधबे उभे केले होते. उभे केले म्हणजे अक्षरशः. इमारतीला बांधतात तशी लोखंडी परांची, पंपाने वर चढवलेलं नदीचंच पाणी, आणि ९० ते १२० फुटांवरून ते परत नदीत. खर्च दीड कोटी डॉलरच्या वर. हा आकडा मी मावशीला सांगितला नाही. ती पाण्याच्या बाटलीच्या एका डॉलरलाही चाळीसने गुणत होती.

मॅनहॅटनकडून ब्रुकलिन पुलावर चढलो ते भर दुपारी. ही चूक माझी. १८८३ सालचा पूल. पायवाट मधोमध, मोटारींच्या वरून, लाकडी फळ्यांची. खालून घरघर आणि धग, वरून ऊन, आणि सावली म्हणाल तर तारांची! मावशीने डोक्यावरून पदर घेतला होता, पायात माझ्या बायकोचे स्पोर्ट्‌स शूज. मागून सायकलवाले ओरडत, ती एकेकाला थांबून वाट देई. दगडी मनोऱ्याच्या सावलीत मात्र तिने चांगली पाच मिनिटं टेकून काढली. भिंतीवर हात ठेवून म्हणाली, "दगड चांगला घातलाय."

"आणि धबधबा कुठाय?"

लांब दक्षिणेला एक पांढरी रेघ दिसत होती. पण आम्ही ज्याच्यासाठी निघालो होतो तो याच पुलाखाली, ब्रुकलिनच्या टोकाला. पुलावरून तो दिसणार कसा? हे मला पूल चढून अर्धा झाल्यावर सुचलं.

"पायाखाली आहे," मी म्हटलं. ती काही बोलली नाही. मावशीचं न बोलणं अंगावर येतं.

खाली फेरीच्या धक्क्यावर उतरलो आणि तो समोर आला. मावशीने नीट बघून घेतलं. "परांची काढायची राहिलीय."

"मुद्दाम ठेवलीय. पाणी कसं पडतं ते दिसावं म्हणून."

"हं."

पण हलेना. वारा आला की पाण्याचा पडदा फाटायचा, तुषार इकडे यायचे. तिने ओठांवरून जीभ फिरवली.

"खारट आहे रे."

असणारच. नावाला रिव्हर, बाकी समुद्राचीच खाडी.

ऑगस्टमध्ये बातमी आली. तुषारांनी काठावरच्या झाडांची पानं करपली होती. पुढे धबधब्यांचे तासही निम्म्यावर आणले. मी फोनवर सांगितलं तेव्हा साताऱ्यात पाऊस लागला होता, तिकडचं धड ऐकूही येत नव्हतं.

"मी म्हटलं नव्हतं?" मावशी ओरडून म्हणाली. "गोडं पाणी मारा म्हणावं त्या झाडांवर. रोजच्या रोज."