गोळी खरी की नुसतीच? क्लिनिकल रिसर्चशी माझी तोंडओळख

मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला ‘पुढे काय?’ या प्रश्नाची आमच्या वर्गात दोनच उत्तरं होती: मेडिसिन नाहीतर सर्जरी. रिसर्च म्हणजे पेशंट बघायचा कंटाळा असणाऱ्यांचं काम, असा सगळ्यांचा समज. मी इलेक्टिव्हसाठी, म्हणजे आपल्या आवडीचा विभाग निवडून शिकायच्या काळासाठी, ट्रायल युनिट (पेशंटवर औषधांच्या चाचण्या घेणारा विभाग) निवडलं तेही नाइट ड्यूटी नसते म्हणून.

सुरुवात रटाळ होती. आधी जीसीपीचं (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे ट्रायल कशी करायची याचे नियम) प्रशिक्षण आणि परीक्षा. ते प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत ट्रायलच्या कागदाला हात लावू देत नाहीत. १९४७ ची न्यूरेंबर्ग संहिता, १९६४ चा हेलसिंकी जाहीरनामा वगैरे माणसांवरच्या संशोधनाचे नैतिक नियम घोकून टाकले.

मग ट्रायलच्या कोऑर्डिनेटर ताईंनी मला, एका पेशंटची ट्रायलसाठी संमती घेताना, शेजारी बसवलं. माहितीपत्रक वाचून झाल्यावर पेशंटने थेट विचारलं, “डॉक्टर, मला खरी गोळी मिळणार की नुसतीच?” आमचे सर म्हणाले, “ते मलाही कळणार नाही. आणि नको म्हणालात तरी तुमचे उपचार आहेत तसेच चालू राहतील.” पेशंटने विचार करायला वेळ मागितला. सरांनी कागद घरी न्यायला दिले, आग्रह केला नाही. वॉर्डात आम्हाला ठामपणे बोलायला शिकवतात. इथे ‘माहीत नाही’ हेच प्रामाणिक उत्तर होतं, आणि ते मला फार जड गेलं.

तसं का म्हणायचं, हे ‘कास्ट’ ट्रायल वाचल्यावर पटलं. हार्ट अटॅकनंतर हृदयाचे अनियमित ठोके औषधाने आटोक्यात आणले की पेशंट वाचतील, असं तेव्हा भल्याभल्यांना वाटत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ठोके आटोक्यात आलेही. पण औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले, प्लासिबोवरच्या, म्हणजे औषध नसलेली ‘नुसतीच’ गोळी घेणाऱ्या, ७४३ पैकी २६. १९८९ मध्ये ट्रायलचा हा भाग मध्येच थांबवावा लागला. तुलनेला प्लासिबो नसता तर हे मृत्यू मूळ आजाराच्याच खात्यावर गेले असते.

त्यानंतर कागदपत्रांचा जाच वाटेनासा झाला. चुकलेल्या नोंदीवर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख. व्हाइटनर अजिबात नाही. नोंदी तपासणारे मॉनिटर येतात तेव्हा रक्तदाबाचा एकेक आकडा मूळ केसपेपरशी ताडून बघतात.

डॉक्टरांना यात किती वाटा आहेत, तेही तिथेच कळलं. फार्माकोव्हिजिलन्समध्ये, म्हणजे औषधांच्या सुरक्षिततेवर लक्ष ठेवण्याच्या कामात, दुष्परिणाम खरंच औषधाचा की आजाराचा, हे ठरवावं लागतं. निदानाची आवड असेल त्याने तिकडे जावं. मेडिकल मॉनिटर (ट्रायलवर वैद्यकीय देखरेख ठेवणारा डॉक्टर), मेडिकल रायटिंग, एथिक्स कमिटी हेही आहेच. आकडेमोड आवडत असेल तर बायोस्टॅटिस्टिक्स, पण त्याचं शिक्षण वेगळं घ्यावं लागतं. वॉर्ड टाळायला म्हणून इथे येणाऱ्यांचं मात्र कठीण आहे. पेशंट न बघितलेल्याने लिहिलेला प्रोटोकॉल (ट्रायलचा आराखडा) ओपीडीत दोन दिवसही टिकत नाही.

इंटर्नशिपनंतर मी सब-इन्व्हेस्टिगेटर, म्हणजे ट्रायलच्या मुख्य डॉक्टरांच्या हाताखालची डॉक्टर, म्हणून रुजू झाले. ओपीडीही करते. आता माझ्याकडे विद्यार्थी येतात, तेव्हा जीसीपीच्या तासाआधी, पेशंटची हरकत नसेल तर, त्यांना संमतीच्या वेळी कोपऱ्यात नुसतं ऐकायला बसवते.