डिस्क लेथवर चढवण्याआधी

तालुक्याचा लेथवाला (लेथ म्हणजे धातू फिरवून कापणारं यंत्र) ट्रॉलीच्या एक्सलसोबत कारची ब्रेक डिस्कही घासून देतो. आधी डिस्कवर कोरलेली किमान जाडी वाचा. मायक्रोमीटरनं (बारीक जाडी मोजायचं स्क्रूचं साधन) डिस्कची जाडी आठ ठिकाणी मोजा. व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मोजपट्टी) डिस्कच्या काठावरच्या न झिजलेल्या उंच कडेवर अडकून जाडी जास्त दाखवतो. किमान 22 मिमी असेल अन् घासून 21.8 उरणार असेल, तर नवीनच घ्या.

ब्रेक दाबताना पेडल थरथरतं, त्यात पुष्कळदा हबवरचा (डिस्क अन् चाक जिथं बसतं तो मधला भाग) गंज किंवा वाळलेला काळ्या मातीचा चिखल दोषी असतो. तिथं लेथ काय करणार? हब घासून डिस्क बसवा, तिला डायल गेज (डगमग दाखवणारं काट्याचं मीटर) लावा, 0.05 मिमीपेक्षा जास्त डगमग नको.

दोन्ही बाजू सारख्याच कापा, एका फेरीत 0.1 मिमी. स्पोर्ट्स कारची छिद्रांची डिस्क साध्या लेथवर नकोच, टूल प्रत्येक छिद्रावर आदळतं. शेवटी साबणपाण्यानं धुवा, ब्रेक पॅड नवे टाका.