आंघोळीची वेळ ठरवणार कोण?

आज वृद्धाश्रमात चर्चा एकच. स्मृतिभ्रंश असलेल्या एक आजी आंघोळीला बसत नाहीत, ओरडतात, मावशींना ओरबाडतात. फाइलमध्ये शेरा काय, तर 'आक्रमक'.

अहो, पहाटे साडेपाचला गार फरशीवर कपडे काढून एकदम डोक्यावर शॉवर सोडला तर कोण गप्प बसेल? आणि साडेपाचच का, तर रात्रपाळी सुटायच्या आत सगळ्यांच्या आंघोळी उरकायच्या असतात!

आधी घरच्यांना विचारायचं: सकाळी की संध्याकाळी, बादली-तांब्या की शॉवर, न्हाणं कोणत्या वारी. उत्तरं खाटेजवळच्या कार्डावर लिहायची. फाइल मावशी उघडत नाहीत. पाणी ३७ ते ३९ अंश, कोपराने बघायचं. अंगावर मोठा टॉवेल ठेवून धुवायचा तेवढाच भाग उघडा करायचा. सुरुवात पायांपासून, तोंड शेवटी, केस वेगळ्या दिवशी. तांब्या त्यांच्याच हातात द्यायचा. मावशी दोघी असल्या तरी बोलायचं एकीनेच, दोन्हीकडून सूचना आल्या की गोंधळ वाढतो. पायाच्या बोटांच्या बेचक्या नीट कोरड्या करायच्या.

तरीही नाहीच म्हणाल्या, तर अर्ध्या तासाने पुन्हा विचारायचं. म्हातारपणी कातडी आधीच कोरडी, रोज साबण हवाच असं नाही. काख-जांघा ओल्या पंच्याने पुसल्या तरी भागतं. मात्र नकार अचानक सुरू झाला असेल तर गुडघा-कंबर दुखतेय का, लघवीला जळजळ होतेय का, हे आधी बघा.