दीपस्तंभाचे चित्र: कोनाडे आणि ज्योती

मंगेशीच्या सातमजली दीपस्तंभाचे दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच चित्र फोंड्यातील घरी पावसाळ्याच्या आरंभापासून चालू आहे. चित्रात प्रत्येक मजल्यावर तीन कोनाडे घेतले असून त्या २१ कोनाड्यांमागे प्रत्येकी तीन याप्रमाणे डब्ल्यूएस२८१२बी जातीचे, म्हणजे प्रत्येकाचा रंग आणि उजेड स्वतंत्रपणे बदलता येणारे, ६३ एलईडी बसवले आहेत. ते ईएसपी३२ या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या बोर्डवर चालतात. दिवे बंद असताना हे केवळ चित्र वाटावे आणि लावल्यावर उजेड रंगातूनच उमटल्यासारखा दिसावा, ही अट मी सुरुवातीपासून धरली आहे.

पहिला कॅनव्हास या अटीला उतरला नाही. सवयीप्रमाणे सगळीकडे जेसोचे, म्हणजे रंगाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात दिले होते, आणि मागून एलईडी लावल्यावर कोनाड्याच्या जागी मळकट डाग तेवढा दिसला, कारण जेसोतील टायटॅनियम व्हाइट प्रकाश अडवते. दुसऱ्या कॅनव्हासवर जेसोआधी प्रत्येक कोनाड्याच्या आकाराची मास्किंग टेप चिकटवली आणि ती काढल्यावर उघड्या कापडावर फक्त पारदर्शक मॅट मीडियम (रंगद्रव्य नसलेले माध्यम) लावले. येथे रंग निवडताना ट्यूबवरील लहान चौकोन अवश्य पाहावा: तो पोकळ असेल तर रंग पारदर्शक आणि भरलेला असेल तर अपारदर्शक असतो. इंडियन यलोचे पातळ हात दिल्यावर रात्रीचा उजेड सुरेख आला, पण दिवसा कोनाडा हळदीने माखल्यासारखा दिसू लागला, म्हणून वरून पारदर्शक तपकिरी रंग कडेला दाट आणि मध्यभागी विरळ असा फिरवला. चुन्याच्या भिंती मात्र टायटॅनियम व्हाइटने जाड भरल्या आहेत. रात्री खोलीतील दिवे घालवून मागून टॉर्च धरली की कापडाची वीण आणि कुंचल्याचा प्रत्येक फटकारा दिसतो, आणि भिंतीत सुईएवढी जागा विरळ राहिली असेल तर तीही सापडते.

विजेच्या बाजूला एकच अडचण आली. पूर्ण पांढऱ्या उजेडात एक एलईडी सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो, म्हणजे ६३ चे जवळजवळ ३.८ अँपिअर होतात. मजले बारीक तारांनी जोडल्यामुळे चाचणीच्या वेळी वरच्या मजल्यांवरचा पांढरा प्रकाश तांबूस पडत असे. ५ व्होल्टची जोडणी वरच्या टोकालाही दिल्यावर तो दोष गेला.

ज्योतीवर तीन आठवडे गेले. उजेडाला दर क्षणी यादृच्छिक आकडा दिला की बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी फडफड दिसते. म्हणून एका संध्याकाळी तुळशीवृंदावनापाशी पणती लावून तिच्याकडे तासभर पाहिले. झुळूक येताच ज्योत एकदम दबते, पण पुन्हा उभी राहताना सावकाश, किंचित थरथरत उठते, आणि दबलेली असताना तिचा रंगही तांबूस होतो. त्यानुसार फास्टएलईडी या एलईडी चालवणाऱ्या कोड-लायब्ररीतील पर्लिन नॉइज (सलग, हळुवार बदलणारे यादृच्छिक आकडे) घेऊन उजेड उतरण्याचा वेग चढण्याच्या चौपट ठेवला, उजेड घटताना हिरवा अंश लाल अंशापेक्षा अधिक घटवला, आणि शेजारच्या कोनाड्यांना थोडा थोडा विलंब दिला, त्यामुळे वारा स्तंभावरून सरकत गेल्यासारखा वाटतो. गॅमा, म्हणजे एलईडीला दिलेला आकडा आणि डोळ्याला जाणवणारा उजेड यांचे नाते सांगणारा घातांक, २.२ धरल्यास डोळ्याला निम्मा वाटणारा उजेड २५५ पैकी १२८ वर नसून सुमारे ५५ वर येतो, आणि ही दुरुस्ती केल्यावाचून ज्योतीचा मंद भाग हाती लागत नाही. माझ्या मते अशा चित्रात खरे मोल त्या मंद भागाचेच आहे. अगदी खाली मात्र उजेडाच्या पायऱ्या डोळ्यांना जाणवतात, म्हणून मी १८ च्या खाली जात नाही.

कोनाड्याखालच्या पट्टीवर पडलेला उजेड मी रंगाने काढला होता. दिवे बंद असताना तो खोटा वाटतो. त्याऐवजी तेथील पांढरा रंग ओल्या पॉलिश पेपरने घासून पातळ करावा, म्हणजे मागचाच उजेड थोडा झिरपेल, असे ठरवून तळमजल्यावरच्या एका कोनाड्यावर करून पाहिले. उजेड हवा तसा आला, पण कापडाचे धागे वर आले. त्यामुळे उरलेल्या २० कोनाड्यांना हात लावण्याआधी कॅनव्हासच्या वेगळ्या तुकड्यावर अधिक बारीक कागदाने घासून पाहणार आहे.